बॅगेच्या हातचं दही

ओस्लोत राहणारी वैदेही खांबेटे आपल्या ब्लॉगवर परदेशातल्या संसाराच्या आणि सहलींच्या हसऱ्या गोष्टी लिहायची. फोटोत तिघं असत. एरवी नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, मुलगी हॉस्टेलात आणि घरात वैदेही एकटी.

पुण्याच्या एका बॅगांच्या कंपनीने तिला जाहिरात देऊ केली. मोबदल्यात माहेरी जायचं विमानाचं तिकीट होतं, म्हणून ती हरखली. पण व्हिडिओ कॉलवर मालक रणदिवे खुर्चीत रेलून म्हणाले, "कॅमेऱ्यापुढे एकच वाक्य बोलायचं. 'ही बॅग सोबत असली की घरच्या माणसांची गरजच नाही!' एक शब्द बदललात, तर तिकीट विसरा."

"बोलते की," वैदेही म्हणाली. तिने कंपनीने पाठवलेली बॅग दाराशी उभी केली, तिच्यावर दही-साखरेची वाटी ठेवली आणि बॅगेपुढे तळहात पसरून गप्प उभी राहिली.

रणदिवे वैतागले. "अहो बाई, कशाची वाट बघताय?"

"प्रवासाला निघताना घरचं माणूस हातावर दही घालतं. तुमच्याकडेही घालत असतील. आता घरच्यांची गरजच नाही म्हणता, तर बॅगेला सांगा. तिने दही घातलं की लगेच बोलते."

रणदिवे खुर्चीत सावरून बसले. मग हळूच म्हणाले, "ते वाक्य राहू द्या. तिकीट पाठवतो."

कॉल संपला. वैदेहीचा हात अजून पसरलेलाच होता. शेवटी तिनेच त्यावर दही घातलं आणि चाटलं. साखर चांगली सढळ हाताने घातली होती, तरी आंबटच लागलं.