अळूचं पाणी

झाडं एकमेकांशी मोकळेपणी बोलत, त्या काळची ही गोष्ट. कमलिनीबाईंच्या परसात कुंडीतला मोगरा होता आणि मोरीच्या पाण्यावर वाढलेला अळू.

“मला नळाचं पाणी मिळतं. तू भांडी विसळलेलं पितोस, शी!” मोगरा रोज म्हणायचा.

अळू हसायचा. “पण पोटभर पितो की नाही, मोगरेराव?”

वैशाखात नळ आटला. मोगऱ्याच्या कळ्या माना टाकू लागल्या. कमलिनीबाईंनी भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरलं आणि त्या दोघांच्या मध्ये घुटमळल्या. ते एकालाच पुरलं असतं. तेवढ्यात अळूने आपली सगळी पानं जमिनीवर लोळवली.

“गेला बिचारा,” म्हणत त्यांनी बादली मोगऱ्याच्या कुंडीत रिकामी केली.

मोगरा घटाघटा प्यायला. मग खालच्या आवाजात म्हणाला, “असं का केलंस रे?”

“माझा कंद आहे जमिनीत. पावसाळ्यात पुन्हा उगवेन. तुला कुठे ते जमतं?”

दोन दिवसांनी मोगरा फुलला. “काय वास सुटलाय!” कमलिनीबाई म्हणाल्या. मोगऱ्याला ते ऐकवेना. माफी मागायला तो अळूकडे वळला, तर तिथे नुसती कोरडी माती होती. आता पावसाळ्यापर्यंत त्याला तसंच फुलत राहायचं होतं.