आधी कोणती आवृत्ती?

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी परुळेकर सर नावाचे वृद्ध अध्यापक राहत. संगणक शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. एकदा त्यांची एक विद्यार्थिनी, शर्वाणी, मोठ्या विवंचनेत त्यांच्याकडे आली. संकेतस्थळे बांधण्याच्या एका प्रसिद्ध फ्रेमवर्कच्या, म्हणजे आयत्या सांगाड्याच्या, दोन आवृत्त्या प्रचलित होत्या. जुनीवर असंख्य संकेतस्थळे उभी होती; नवी सुटसुटीत होती आणि पुढचा काळ तिचाच, असे सारे म्हणत. आधी कोणती शिकावी हे ठरवण्यातच शर्वाणीचा उन्हाळा सरला होता. सकाळी जुनीकडे झुकलेले मन संध्याकाळी नवीकडे वळे. बरोबरीच्या मैत्रिणी नोकरीला लागल्या, आणि तिने अजून एक ओळही लिहिली नव्हती.

“सर, तुम्ही सांगाल ती शिकते,” ती म्हणाली.

सरांनी एक फोन लावला. “गावडे, तुमचं ते बंद पडलेलं संकेतस्थळ दुरुस्त करायला उद्या आमची शर्वाणी येते आहे.”

गावडे सर्पमित्र होते. घरात साप निघाला की जवळचा सर्पमित्र कोण, हे लोकांना त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर समजे. नव्या मोबाइलवर ते उघडेनासे झाले होते.

“सर, मला अजून काहीच येत नाही!”

“जा तर खरी.”

सर आपल्याला टाळत आहेत असे वाटून ती खट्टू झाली. तरी गेली. संकेतस्थळ जुन्या आवृत्तीत निघाले. ती ते न्याहाळत असतानाच गावडेंचा फोन वाजला. एका गोठ्यात नाग शिरला होता. पलीकडची बाई रडत होती.

“वहिनी, काठी घेऊ नका. मुलांना घेऊन बाहेर थांबा,” असे म्हणून गावडेंनी तिच्या शेजारच्याच वाडीतल्या सर्पमित्राला तातडीने पाठवले. मग ते शर्वाणीकडे वळले. “मी फोन उचलला म्हणून निभावलं. मी जंगलात असतो तर?”

त्यानंतर शर्वाणीला आवृत्तीचा विचार सुचला नाही. जे अडेल ते ती शिकत गेली, चुकले की पुन्हा वाचत गेली. गणपतीच्या आधी संकेतस्थळ उघडू लागले.

ती सरांकडे आली. “म्हणजे आधी जुनी शिकावी, हेच तुमचं उत्तर होतं ना?”

“गावडेंचं संकेतस्थळ जुनीत आहे, हे मला आत्ता तुझ्याकडून कळतंय,” सर म्हणाले. “नवीत असतं तर तू नवी शिकली असतीस. एक आली की दुसरी फारशी जड जात नाही. हे मी त्याच दिवशी सांगितलं असतं, तर तू मान डोलावली असतीस आणि घरी जाऊन पुन्हा तुलना करत बसली असतीस. नुसत्या तुलनेला शेवट नसतो, पोरी. कुणाचं तरी काम आपल्यावाचून अडलंय हे दिसलं, की मन आपोआप एका बाजूला लागतं.”

त्या संध्याकाळी शर्वाणीने नव्या आवृत्तीची माहिती उघडली. कोणता बदल कशासाठी केला असेल, हे आता तिला वाचता वाचता उमगत होते.