न उघडलेली पेटी

नदीकाठच्या एका गावात लोकांचा जीव एका कॉम्प्युटरवर टांगलेला होता. पुलाखालचं पाणी वाढलं की तो खालच्या आळीतला भोंगा वाजवायचा. भोंगा वाजला की आळीने वर पळायचं, एवढं ते सोपं होतं.

वरच्या आळीतल्या एका खोलीत ठेवलेला हा कॉम्प्युटर दौलतअण्णांनी दिलेला. त्यांच्या शब्दापुढे गावात कुणी जात नसे. कॉम्प्युटरच्या पेटीवर त्यांनी ऑइलपेंटने लिहून घेतलं होतं, 'कै. रामजी यांच्या स्मरणार्थ'. रामजी म्हणजे अण्णांचे वडील. पेटीला रोज हार चढे. आत धूळ किती साचली ते कुणी बघत नसे.

पावसाळ्याच्या तोंडावर कॉम्प्युटर मधेच बंद पडू लागला. कधी तासात दोनदा, कधी आठवडाभर काहीच नाही. पडदा निळा व्हायचा, मग काळा. तो चालवणारी वैजयंता धास्तावली. तिचे सासरे खालच्या आळीत अंथरुणाला खिळलेले होते. घरी भाकरी थापतानाही तिचा कान नदीकडे असायचा.

मोठी माणसं जमली. त्यांनी वायरिंग बदललं. प्रोग्रॅम पुसून पुन्हा भरला. शेडगे गुरुजींनी ठरवून टाकलं, की वैजयंतानेच मोबाइल जोडून व्हायरस आणला असणार. मग खिडकीला लिंबू-मिरची बांधली. सगळं पेटीच्या भोवती चाललं होतं. बिघाड पेटीतच असणार हे त्या खोलीत प्रत्येकाला कळत होतं. बोलत कुणी नव्हतं.

शेवटी वैजयंता बोलली. पेटी उघडू, म्हणाली. आत मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत, त्यातली एक बिघडली असेल, आधी एकीवर चालवून बघू, मग दुसरीवर.

अण्णांनी तोंडातलं पान थुंकलं. "माझ्या बापाच्या नावाला स्क्रूड्रायव्हर लावतेस होय गं?"

गुरुजी हसले. मग बाकीचे हसले. वैजयंताने स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. नोकरी जाण्याची भीती त्या दिवशी सासरे जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

श्रावणातल्या एका दुपारी वर डोंगरात ढग फुटला. इकडे ऊन होतं. आळीतल्या बायका धुणी वाळत घालत होत्या. पडद्यावर पाण्याचा आकडा चढू लागला आणि पडदा निळा झाला. वैजयंताने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पुन्हा निळा. भोंग्याला दुसरी कळ नव्हती. फोनला रेंज नव्हती.

तिने पेटी उघडली. एक पट्टी काढली, पडदा निळाच. ती परत लावून दुसरी काढली. पडदा स्थिर झाला आणि भोंगा वाजला. चहा उकळायला लागतो त्याहून कमी वेळ गेला.

आळी पळाली. सासऱ्यांची खाट शेजाऱ्यांनी उचलली खरी, पण दारातच लोंढ्याने ती त्यांच्या हातातून नेली.

पाणी ओसरल्यावर अण्णा चिखल तुडवत त्या खोलीत आले. कोण गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.

"पेटी कुणी उघडली?"

"मी," वैजयंता म्हणाली. "उशिरा उघडली."

तात्पर्य: ज्या गोष्टीवर संशय घ्यायला मोठी माणसं मनाई करतात, ती सगळ्यात आधी उघडून बघा. दुखावलेला मान भरून येतो, गेलेला माणूस येत नाही. आणि कळत असून गप्प बसलेल्या प्रत्येकाचा त्या मरणात वाटा असतो.