मागची दोन चाकं

“साखळ्या घ्यायच्या की नाही, एवढंच सांगा. हो किंवा नाही.”

असं विचारणारा माणूस कुठला, हे मी सांगायला नको. पुण्याचा.

नाव अमोघ. वय पस्तीस. गाडी नवी, काळा चष्मा त्याहून नवा, आणि संशय मात्र जन्माचा. आम्हा सगळ्यांवर.

बुवांनी वर बघितलंच नाही. ते एका ट्यूबला ठिगळ लावत होते.

“कुठं निघालाय?” त्यांनी विचारलं.

“खिंडीपलीकडं. दुसरीकडं रस्ता जातो का इथून?”

तेही खरंच. रस्ता दुसरीकडं जात नाही. हिमालयात, एका खिंडीच्या पायथ्याशी, शेवटच्या वळणावर बुवांचं पंक्चरचं दुकान आहे. बुवा मूळचे साताऱ्याकडचे. फौजेत तीस वर्षं बर्फातून ट्रक हाकला, पेन्शन घेतली आणि घरी जायचं विसरले. खिंड चढण्याआधी ड्रायव्हर लोक त्यांच्या पाया पडतात. मी त्यांच्याजवळ सव्वीस वर्षं आहे. ज्ञान अजून मिळालेलं नाही. चहा मात्र बरा जमतो.

“पलीकडं माझी बहीण आहे,” अमोघ म्हणाला. “ऋता. दवाखान्यात डॉक्टर. नववा महिना लागलाय. आज दोन वाजता खिंडीचं फाटक बंद होणार, ते एकदम वैशाखात उघडणार. त्याच्या आत आईला तिच्याकडं पोचवायचंय.”

आई गाडीत मागच्या सीटवर होत्या. कालिंदीबाई. कानटोपी, दोन शाली, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. डबा त्यांनी असा धरला होता, जणू नातवंड त्यातच आहे.

“खालच्या बाजारात तिघांनी या बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या माझ्या गळ्यात मारायला बघितल्या,” अमोघ म्हणाला. “तिघांनीही तुमचंच नाव घेतलं. बुवांना विचारा म्हणाले. तुमचा त्यात वाटा असेल.”

“असंल.”

“असेल म्हणजे?”

“तुम्ही म्हणताय तर असंल.”

अमोघनं माझ्याकडं बघितलं. मी चहात साखर टाकत होतो. त्यानं साखरेकडंही संशयानं बघितलं.

“मला फसवणं सोपं नाही, बुवा. मी दोन महिने वाचून आलोय. हे टायर बघा. बाजूवर डोंगर आणि बर्फाची चांदणी छापलेली आहे. खास बर्फाचे. थंडीत यांचं रबर दगड होत नाही, मऊ राहतं.”

बुवा उठले. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. टायरवरून हात फिरवला, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

“झ्याक हाय,” ते म्हणाले.

अमोघ फुलला.

मग बुवा सरकत सरकत मागच्या चाकाशी गेले. अंगठ्याचं नख रबरावर दाबलं. नख उमटलं नाही.

“आन् ही?”

“ती जुनीच आहेत. पुण्यातली. या गाडीत ओढायचं काम पुढची चाकं करतात. मागची नुसती मागं मागं येतात. त्यांना खास टायर कशाला?”

“मागं कोण बसतंय?”

“आई.”

…

मी तीन कप भरले.

“साहेब,” बुवा म्हणाले, “गाडी थांबवून दाखवता?”

“थांबलेलीच आहे.”

“ही न्हाई. चालती थांबवून दाखवा.”

आमच्या अंगणाला उतार आहे. वर टायरांची शेड, खाली मेंढ्यांच्या लेंडीखताचा ढीग. ढीग माणसापेक्षा उंच, वर बर्फाची टोपी. मधे एक पांढरा रंग दिलेला दगड.

“शेडपतूर चढवा. मग खाली या आन् दगडापाशी थांबा. सायकलच्या वेगानं. घाई न्हाई.”

अमोघनं उताराकडं बघितलं. ढिगाकडं बघितलं. बुवांकडं बघितलं. यात काहीतरी आहे असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, फक्त काय आहे ते वाचता येत नव्हतं.

“ताई, तुम्ही उतरा,” बुवा मागच्या काचेशी वाकले. “चहा घ्या.”

“आईला का उतरवताय?”

“चहा ऊन हाय.”

कालिंदीबाई काही न विचारता उतरल्या. डब्यासकट. हे मला जरा नवल वाटलं. पुण्याच्या बाई आणि प्रश्न नाही?

गाडी चढली. खोटं कशाला बोलू, सुंदर चढली. पुढच्या टायरांनी बर्फ असा धरला, जशी मांजर पडदा धरते. शेडपाशी पोचल्यावर अमोघनं काच खाली केली आणि आमच्याकडं असं बघितलं की, आता घ्या साखळ्या आणि बांधा स्वतःला.

मग तो वळला आणि उतरायला लागला.

दगड आला. त्यानं ब्रेक दाबला.

पुढची चाकं जागच्या जागी चिकटली. मागची दोन चाकं मात्र पुढं काय चाललंय ते बघायला आली.

गाडी गर्रकन फिरली. तोंड शेडकडं, पाठ खाली, आणि तशीच अलगद, आवाज न करता, घसरत घसरत ढिगात जाऊन बसली. मागचं डावं दार खतात अर्धं गेलं. टोपीतला बर्फ धप्पकन टपावर पडला.

डावं दार. कालिंदीबाई बसल्या होत्या तेच.

…

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. पण हळू.

अमोघ गाडीतून उतरला. एक पाऊल टाकलं आणि बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी उठायच्या ऐवजी त्यानं हातानं जमीन चाचपली. दगडाभोवतीचा बर्फ काचेसारखा होता. बाकी अंगणात सगळा भुसभुशीत, पायाखाली करकरणारा. इथंच काच.

त्याची नजर फिरत फिरत दाराआडच्या बादलीवर गेली. बादलीच्या काठाला बर्फाच्या दाढ्या लोंबत होत्या. दाढी बादली आपोआप वाढवत नाही.

“इथं पाणी ओतलंय!”

“व्हय.”

“कुणी?”

मी किटलीत बघायला लागलो. किटलीत खूप बघण्यासारखं होतं.

“या म्हाद्यानं. मी सांगितलं म्हणून. रोज सकाळी सातला.”

“मुद्दाम?”

“चुकून सांडलं असतं तर एवढं सारखं झालं असतं व्हय?”

अमोघ लाल झाला. थंडीनं आधी होताच, आता जास्त.

“मला वाटलंच होतं! पहिल्यापासून वाटत होतं! चला, काढा साखळ्या बाहेर. लोकांना पाडायचं आणि साखळ्या विकायच्या. दाखवा, कुठं ठेवल्यात?”

“माझ्याकडं साखळ्या न्हाईत.”

“खोटं.”

“बघा की.”

त्यानं खरंच बघितलं. दुकानात शिरला. पंप, ठिगळं, जुन्या ट्यूबा, माझी शेगडी. खाटेखाली वाकून बघितलं. तिथं माझी चप्पल होती, ती उलटी करून बघितली. साखळी नाही. एक कडीसुद्धा नाही.

बाहेर आला तेव्हा त्याचा संशय कमी व्हायला हवा होता. दुप्पट झाला होता.

“मग तुम्हाला यात काय मिळतं?”

“खत उकरायला माणूस मिळतो.”

बुवांनी त्याच्या हातात फावडं दिलं.

कालिंदीबाईंना हसू आवरेना. कपातला चहा शालीवर सांडला.

“आई, हसतेस काय? यांनी पाणी ओतलं!”

“माहितीय मला.”

“काय?”

“सकाळी समोरच्या लॉजच्या खिडकीतून बघितलं मी. हे म्हाद्याभाऊ बादल्या आणत होते. चांगल्या चार ओतल्या.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“चारही टायर घे म्हणून पुण्यात सांगितलं होतं. ऐकलंस?”

…

फावडं हातात धरून तो नुसता उभा राहिला. गाडीच्या डाव्या दाराकडं बघत. काचेला आतून आईचा मफलर टेकलेला दिसत होता, आणि बाहेरून खत.

“साडेअकराची बस हाय,” बुवा म्हणाले. “सहाही टायर बर्फाचे. साखळ्या ती खिंडीच्या तोंडाशी चढवती. एकपर्यंत पलीकडं.”

“मी नेतो आईला,” अमोघ म्हणाला. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता. “खालून साखळ्या आणतो, मागं बांधतो, पुढं बांधतो…”

“कधी बांधल्यात?” बुवांनी विचारलं.

“व्हिडिओ बघितलाय.”

“हात गारठलेले असताना?”

अमोघनं हातमोजे काढून हात बघितले. बोटं वाकत नव्हती.

कालिंदीबाईंनी डबा उचलला.

“मी बसनं जाते, राजा. तू पुढं बघून चालवतोस. बसायचं मागं मला असतं.”

त्यानंतर तो वाद घालत बसला नाही. बस येईपर्यंत खत उपसत होता. चांगलं उपसलं, पोरगं मेहनती निघालं. गाडी मोकळी झाली, पण किल्ली त्यानं बुवांच्या खिळ्याला टांगली.

बस आली. माय-लेक दोघंही चढली. कालिंदीबाईंनी खिडकीतून दोन लाडू दिले. एक बुवांना, एक मला. माझा मोठा होता, हे लिहून ठेवतो.

अमोघ त्यांच्या शेजारी बसला होता. अंगाला लेंड्यांचा वास, त्यामुळं पुढची सीट रिकामी. बस हलली तसं त्यानं डोकं बाहेर काढलं. डोळ्यांत अजून तोच. संशय.

“बुवा, खरं सांगा! विकत काही नाही, घेत काही नाही. मग पाणी का ओतता?”

बुवा लाडू चावत होते. दात कमी, डिंक कडक. वेळ लागला. बस वळणाशी पोचली होती.

“इथं मी ओततो,” ते ओरडले. “खिंडीत कोण ओततं, त्याची-माझी ओळख न्हाई!”