बेचाळीस-बेचाळीस

रविवार, १९ जानेवारी. दिवसभर ढगाळ. पाऊस नाही, पण हवेत ओल. वारा पडलेला.

"शेवटच्या फेरीतही दोघांना बेचाळीस-बेचाळीस पडलेत, दादा. आता कुणाला पहिलं काढू?"

प्रल्हादनं विचारलं. बाजार समितीच्या गूळ-शेडमागच्या पडवीत तो उभा होता. हातात आठ कागद. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन कागद, एक पोरीचा, एक पोराचा. प्रत्येक कागदावर दहा-दहा गुणांचे पाच रकाने. यमक, ताल, आशय, टोमणा, हजरजबाबीपणा. रेघा लाल शाईनं, आकडे निळ्या.

शाहीर दौलू कुंभार, ज्यांना सगळे दादा म्हणत, गुळाच्या रिकाम्या पेटीवर बसले होते. मांडीवर डफ.

चार वर्षं तालुक्याच्या रॅप स्पर्धेचा परीक्षक प्रल्हादच. त्याच्या निकालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. अकरा वर्षं तो दादांकडं शाहिरी शिकायला जात होता आणि अकरा वर्षं त्याचा डोळा त्या डफावर होता. यंदा दादा म्हणाले होते, "तू निकाल कसा देतोस ते बघतो. मग डफाचं बघू."

शेडमध्ये पोरं शिट्ट्या मारत होती. दादांच्या फडाची जुनी रीत इथंही चालायची. परीक्षकानं डफावर तीन थापा द्यायच्या, मगच नाव उच्चारायचं.

दादांनी डफावर बोट मारलं. भद्द आवाज आला.

"उतरलाय. ओल लागली."

"शेकायला हवा."

"मग दे की."

"काय देऊ?"

दादांनी हात पुढं केला. प्रल्हादला वाटलं, बघायला मागतायत. त्यानं कागद दिले. दादांनी ते उलगडलेही नाहीत. चुरगाळून फरशीवर ठेवले, बिडीची काडीपेटी काढली, पेटवले आणि वर डफ धरला.

"दादा! निकाल हाय त्यात!"

"मग सांग की निकाल."

"आता कसा सांगू?"

"शेवटच्या फेरीत पोरगी काय म्हणाली?"

"यमकाला नऊ दिले होते तिला. टोमण्याला..."

"तिला काय मिळालं ते नाही विचारलं."

प्रल्हाद आठवू लागला. आठवत होता तो फक्त रकाना.

"बरं, पोरगा काय म्हणाला?"

"त्याला तालाला नऊ..."

"दोन तास काय करत होतास रं तिथं बसून?"

"लिहीत होतो, दादा."

कागदांची राख झाली. दादांनी पुन्हा बोट मारलं. डफ खणखणला. त्यांनी तो प्रल्हादच्या हातात दिला आणि बिडी पेटवली.

प्रल्हाद शेडमध्ये आला. माइक घेतला.

"शेवटची फेरी परत होईल. रीत जुनी. आधी समोरच्याचं शेवटचं कडवं म्हणून दाखवायचं, मग त्याला उत्तर द्यायचं."

"सर, हे पेपरात नव्हतं!" मागून कुणीतरी ओरडलं. शेड हसली.

मुमताज शिकलगार पुढं आली. बाप बाजारात सायकलच्या चाकावर सुऱ्या-कोयत्यांना धार लावायचा. स्पर्धेत तिचं नावच 'धार'. तिनं विराजच्या कडव्याच्या दोन ओळी म्हटल्या आणि थांबली.

"पुढचं ऐकलंच नाही, सर. माझं जुळवत होते."

"बाद! बाद!" विराजच्या गल्लीतली पोरं नाचायला लागली.

विराज पोवार पुढं आला. घरचं गुऱ्हाळ, अंगावर कोरं जॅकेट. त्यानं माइक तोंडाशी नेला आणि तिचं कडवं सुरू केलं. ठेका न धरता, सावकाश.

"बाप माझा दारात तुझ्या चाक फिरवतो वाकून,
तू बघतोस खिडकीतून पडदा अर्धा झाकून..."

इथं तो जरा अडखळला. विसरला म्हणून नाही.

"ऊस तुझ्या रानातला, कोयता आम्ही घासला,
गूळ गेला तुझ्या घरी, हात आमचा कापला."

नाचणारी पोरं थांबली.

"आता उत्तर दे की, ए गुळव्या!" मागून एकजण ओरडला.

विराजनं माइक खाली घेतला. मुमताजकडं बघितलं.

"ह्याला उत्तर नाही माझ्याकडं."

प्रल्हादचा हात सवयीनं कागदासाठी खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. तिनं कडवं पुरं म्हटलं नव्हतं. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. रीतीनं बघावं तर दोघंही बाद.

त्यानं डोळे मिटले. कानात एकच ओळ राहिली होती. अर्ध्या पडद्याची. ती तिनं रचली होती, आणि त्याला पहिल्यांदा ऐकू आली ती विराजच्या तोंडून.

पोरांनी चुळबुळ केली, मग तीही थांबली.

त्यानं डफावर तीन थापा दिल्या.

"मुमताज शिकलगार."

पहिली टाळी विराजची होती.

प्रल्हाद पडवीत परतला, तेव्हा दादा चपला घालत होते. त्यानं डफ दोन्ही हातांनी पुढं केला.

"घ्या, दादा... चुकलो का?"

दादांनी डफ न घेता वर बघितलं. ढग अजून तसेच होते.

"पुढच्या साली अशीच हवा असली, तर शेकायला काय आणशील?"

मुमताज शिकलगार पहिली, विराज पोवार दुसरा. डफ प्रल्हादच्या सायकलला मागं बांधून गेला.