पाण्यात थांबलेलं पिल्लू

एक होता राजा. त्याला एकच लेक, बकू. अडीच वर्षांची, म्हणजे तुझ्याएवढीच गं मनू. पाय पोटाशी घे आणि हुंकार दे. हुंकार नसला की गोष्ट जागची हलत नाही, बरं का.

राजाकडे होतं जादूचं पुस्तक. त्यात हत्तीचं एक पिल्लू. आई नदीपलीकडे आणि हे अलीकडे चुकलेलं. राजानं ओळ वाचायची, बकूनं 'हं' म्हणायचं, की चित्रातलं पिल्लू एक पाऊल पुढं टाकायचं.

पण बकू नुसतं 'हं' म्हणेल तर ना. पहिल्या रात्री तिनं पिल्लाला दहीभात भरवला. एक शीत चित्रातल्या सोंडेला चिकटलं, ते तिथंच वाळलं. दुसऱ्या रात्री तिनं विचारलं, "पिल्लूनं शू केली?" राजा म्हणाला, "केली." "कुठे?" मग राजाला एक झुडूप दाखवावं लागलं, तेव्हा कुठं पान उलटलं. तिसऱ्या रात्री पिल्लू नदीत उतरलं. बाईसाहेब म्हणाल्या, "पाणी गार आहे." आणि राजाचा जरीचा शेला ओढून पुस्तकावर पांघरला. आता वाचायचं काय, कपाळ?

दाराशी सेनापती खाकरत उभा. राजा वैतागला. मग त्यानं काय करावं? स्वतःच वाचलं आणि स्वतःच 'हं' म्हटलं. वाच, हं. वाच, हं. भराभरा शेवटचं पान.

"पोचलं?" बकूनं विचारलं.

"पोचलं."

"आईनं पापा घेतला?"

"घेतला. झोप आता."

बाबा म्हणाला पोचलं, म्हणजे पोचलं. बकू झोपली. दुसऱ्या दिवशी तिनं ते पुस्तक मागितलंच नाही. राजाला हायसं वाटलं मेल्याला.

मग लढाया झाल्या, तह झाले. बकू मोठी झाली, सासरी गेली. एके दिवशी राजानं सहज पुस्तक उघडलं. बघतो तर पिल्लू नदीच्या मधोमध तसंच उभं. उसन्या हुंकारानं ते हललंच नव्हतं. सोंड वर धरलेली, सोंडेला वाळलेलं शीत. राजा मटकन खाली बसला आणि रडला. इतकी वर्षं त्या पिल्लाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मग त्यानं मोठ्यानं वाचून पाहिलं, 'हं' म्हणून पाहिलं. पिल्लू हललं नाही. मग प्रधानाला 'हं' म्हणायला लावलं. तरी हललं नाही. म्हणतात ना, वरातीमागून घोडं. मग पुस्तक काखेत मारून तो बकूच्या सासरी गेला. बकूनं पान पाहिलं.

"बाबा, हे तर पोचलं होतं ना?"

"नाही गं. मी खोटं बोललो. मला घाई होती."

बकू रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शहाण्यासारखी 'हं' म्हणाली. पिल्लानं नुसता कान हलवला.

तेवढ्यात बकूचा लेक दुडदुडत आला आणि मांडीवर चढला. चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हं. पिल्लूला शू आली."

पिल्लानं पाऊल टाकलं, बरं का. राजानं या वेळी घाई केली नाही. भात भरवला, झुडूप दाखवलं, शेला पांघरला. पहाटे पिल्लू काठाला लागलं, आईच्या पोटाखाली शिरलं. मग सगळे सुखानं राहिले. फक्त राजा अधूनमधून ते शीत बोटानं चाचपून बघायचा. नातवानं खूप प्रश्न विचारले, पण बकूचे काही परत आले नाहीत.

मनू, तुझा बाबा लहान होता ना, तेव्हा मी शाळेचे पेपर तपासत गोष्ट वाचायची. दोन-दोन पानं एकदम उलटायची आणि हुंकारही माझाच. तो विचारायचा, पोचलं का गं? मी म्हणायची, पोचलं, झोप.

झोपलीस होय? मग आत्ता 'हं' कोण म्हणालं?

श्रीरंग? दाराशी कधीचा उभा आहेस रे? ये, बस इथं. पाय वर घे. आज सगळी पानं वाचते.