घार दाखवणारी लेन्स

मोबाइलला अजून डोळे फुटले नव्हते, तेव्हाची गोष्ट. एका दुकानात रीतच होती, की नव्या कॅमेऱ्याने आपली पहिली लेन्स आपणच निवडून घरी जायचं.

लांबलचक लेन्स ऐटीत म्हणाली, "मला घे. बसल्या जागी आभाळातली घार दाखवीन, पिसांसकट!"

कोपऱ्यातली आखूड लेन्स म्हणाली, "मला लांबचं दिसत नाही बाबा. जे बघायचं, त्याच्याजवळ तुलाच चालत जावं लागेल."

"म्हणजे पायपीट माझ्याच माथी!" कॅमेरा हसला आणि लांब लेन्स घेऊन सुमेधच्या घरी गेला.

एका सकाळी सुमेधची गुलाबी फ्रॉकातली लेक रेवा पलंगाचा आधार सोडून पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे चालू लागली. सुमेधने घाईघाईने कॅमेरा डोळ्याला लावला.

"मागे सर," लेन्स म्हणाली. "इतकं जवळचं मला दिसत नाही. अजून मागे!"

मागे सरता सरता भिंत लागली, तेव्हा कुठे फोटो निघाला. खिडकीबाहेर टाकीवर बसलेली घार लख्ख आली होती. तिच्यापुढे नुसता एक गुलाबी डाग होता.

"हे काय आलंय मध्येच?" लेन्स कुरकुरली.

तोवर तो डाग आपल्या पायांनी चालत कॅमेऱ्यापर्यंत पोचला होता.